एका वाक्याने कोणी घर सोडत नाही

पापड लाटणाऱ्या बाईचे हात तेलापिठाचे असतात, म्हणून आमच्या खोलीत टीव्हीच्या रिमोटला कोणी हात लावायचा नाही, हा नियम माझाच. त्या नियमामुळेच आम्ही दोन पोरांच्या प्रेमाची कोरियन मालिका बघायला लागलो.

रोह्याला नदीपलीकडच्या अष्टमी गावात मी पोह्याचे पापड आणि मिरगुंडं करून विकते. एका पोळपाटावर सुरुवात केली, आज बारा बाया बसतात. पूर्वी लाटताना त्या एकमेकींच्या सुनांबद्दल बोलायच्या, त्यातून भांडणं व्हायची आणि पापड जाड पडायचे. म्हणून मी भिंतीवर टीव्ही बसवला. एक दिवस लाटणाऱ्या एकीची मुलगी हिंदीत डब केलेली मालिका लावून कॉलेजला निघून गेली. दोन देखणी पोरं, एकाच खोलीत राहणारी. तिसऱ्या भागापर्यंत आम्हाला ते नुसते मित्र वाटले. तिसऱ्या भागात एकाने दुसऱ्याची हनुवटी धरली आणि बाराही लाटणी जागच्या जागी थांबली.

"बंद करा गो कोणीतरी," एक म्हणाली.

"माझे हात खराब हायत."

"माझे काय गंगेत धुतलेत?"

आमच्यात सगळ्यात वयस्क म्हणजे पेणच्या मावशी. माहेर-सासर दोन्ही पेणचं, आता लेकीकडे रोह्यात राहतात. त्या मान वर न करता म्हणाल्या, "चालू दे. हात धुवून परत तेल लावायचं म्हणजे अर्धा तास जातो. आणि तोवर ती पोरं काय थांबणार नायत."

चालू राहिलं. ती संपल्यावर दुसरी लागली, मग एक थाई, मग एक तैवानची. दोन उन्हाळे आमचे पापड या पोरांच्या संगतीत वाळले.

एवढं बघितल्यावर मतं होतातच. एक कायम विचारायची, हे इंजिनियरिंगला आहेत तर अभ्यास कधी करतात? दुसरीचं म्हणणं, चालता चालता पाय घसरतो तो बरोबर त्याच्याच अंगावर कसा पडतो? आमच्या खाडीच्या बांधावर जन्मभर घसरतोय, कोणी झेलायला उभं नव्हतं. लॉजमध्ये एकच खाट शिल्लक असते. पाऊस येतो तेव्हा छत्री एकच असते. एकाला ताप आला की दुसरा पेज करून भरवतो, आणि ती पेज कधी उतू जात नाही. मालिकेतल्या मैत्रिणीला स्वतःचं काही काम नसतं, ती या दोघांची गाठ घालून देण्यासाठीच जन्मलेली असते. आणि प्रत्येक मालिकेत एक जण छातीवर हात ठेवून म्हणतो की मला पुरुष आवडत नाहीत, फक्त तू आवडतोस. यावर मी म्हटलं, हे तर अगदीच खोटं. तेव्हा खिडकीपाशी बसणारी म्हणाली, "खोटं कसं? माझं पण तसंच हाय. पुरुष मला एक आवडत नाय, फक्त आमचा तेवढा." त्या दिवशी हसण्यात एक घाणा जाड गेला आणि मला राग आला नाही.

खरेपणाची बायांची कसोटी त्यांची त्यांनी ठरवलेली होती. मुके, मिठ्या, रडणं यावर कोणाचा विश्वास नव्हता. पण एका मालिकेत एक जण दुसऱ्याचा खरकटा डबा न बोलता घासून पालथा घालतो. "हे खरं," मावशी म्हणाल्या, आणि त्या दोघांचा संसार आमच्या खोलीत मान्य झाला.

सगळ्यात कडक मी. माझी आई वडखळ नाक्यावर सुकी मासळी विकायला बसायची, मी तिच्या टोपलीमागे वाढले. गिऱ्हाईक मालाची खोट कशी काढतं ते मी तिथे शिकले आणि पुढे स्वतः गिऱ्हाईक झाले तेव्हा तेच वापरलं. भाव करताना मी आधी मालाची खोट काढते. ती नाही सापडली तर माणसाची. कोणाचा माल पडून आहे, कोणाच्या घरात लग्न आहे, कोणाला आज संध्याकाळच्या आत गाडी रिकामी करायची आहे, हे मला समोरच्याच्या उभं राहण्यावरून कळतं. त्याच नजरेने मी मालिका बघत होते.

आता पेणच्या गिरणीबद्दल सांगते.

पोह्याचा पापड पोह्यावर असतो. पोहा शिळा, कच्चा किंवा चुरा असला तर तळल्यावर पापड फुलत नाही. मी पंधरा वर्षं पेणच्या एकाच गिरणीतून पोहे घेत होते. गिरणी दोन माणसं चालवायची. एक भट्टीवर, एक चाकावर. भिजवलेलं भात भट्टीत तापलेल्या वाळूवर भाजायचं, चाळायचं, आणि गरम असतानाच चाकाखाली चेपायला द्यायचं. मधे जरा उशीर झाला की दाणा मोडतो. यंत्राच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, त्यामुळे भट्टीवरचा चाकावरच्याकडे बघायचा, तो मान हलवायचा, आणि भात यायचं. दिवसातून शेकडो वेळा. पुढे या मालिकांत दोघं एकमेकांकडे अर्धा अर्धा मिनिट बघत राहायचे तेव्हा मी म्हणायचे, असं कोणी बघतं का? मी स्वतः पंधरा वर्षं ते बघत आले होते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

भट्टीवरच्यांना गाव थोरले म्हणायचं आणि चाकावरच्यांना धाकटे. दोघांची आडनावं वेगळी, घराणी वेगळी. लग्न दोघांनीही केलेलं नव्हतं. गिरणीमागच्या दोन खोल्यांत राहायचे. सणाला आमंत्रण द्यायचं तर लोक "थोरल्या-धाकट्यांनी यावं" असं एकत्रच द्यायचे. भाऊ नसलेल्या दोन माणसांना भावांसारखी हाक मारून गावाने त्यांच्यावर पांघरूण घातलं होतं. त्याखाली काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी ते उचलत नव्हतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी, पापडाचा हंगाम तोंडावर असताना, मी गिरणीत भाव करायला उभी होते. आणखी चार गिऱ्हाइकं होती, त्यात थोरल्यांचा एक चुलतभाऊ होता आणि गिरणीची जागा त्या चुलत घराण्याच्या नावावर होती. थोरले हटत नव्हते. भात महाग झालंय, नाही परवडत. पोह्यात खोट सापडेना. मला उशीर होत होता, टेंपोवाला बाहेर हॉर्न मारत होता, डोकं तापलं होतं. मी म्हटलं, "बायकापोरं नाहीत तुम्हाला, कोणासाठी साठवताय? आणि तुमचं दोघांचं काय चालतं ते लोकांना दिसत नाही असं समजू नका. आम्ही गप्प बसतो, तर भावात थोडं तरी बघा."

धाकट्यांनी चाक बंद केलं. इतक्या वर्षांत मी ती गिरणी कधी गप्प ऐकली नव्हती. थोरले माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या भावाने न्या."

मी नेले. हे मला लिहायलाच हवं. पोती भरेपर्यंत मी उभी राहिले, मोजून घेतली, आणि वडखळपर्यंत टेंपोवाल्याला सांगत आले की बघ, कसा खाली आणला.

पुढल्या महिन्यात गेले तर थोरले म्हणाले, माल नाही. मागे पोती दिसत होती. त्याच्या पुढल्या महिन्यातही माल नाही. तिसऱ्यांदा मी गिरणीच्या दारात उभी राहून नको ते बोलले आणि परत आले. तेव्हापासून माझं गाऱ्हाणं एकच: पेणच्या गिरणीवाल्यांनी पंधरा वर्षांच्या गिऱ्हाइकाला दारातून हाकललं. माझे पापड पूर्वीसारखे फुलत नाहीत त्याला ते जबाबदार. हे मी लाटणाऱ्या बायांना सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, एसटीत शेजारी बसणाऱ्यांना सांगितलं. चाकावर दुसरा माणूस दिसला होता, धाकटे दिसले नव्हते, पण ते कुठे गेले हे मी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमची थाई मालिका अशा जागी आली की दोघं एका छोट्या गावात दुकान चालवतायत, सुखात आहेत. एक दिवस बाजारात एका पोराची आत्या चार लोकांत त्याला काहीतरी बोलते. एकच वाक्य. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा पोरगा पिशवी भरून निघून जातो. खोलीत नाकं ओढल्याचे आवाज येत होते. मी म्हटलं, "झालं! लेखकाला पुढचं सुचलं नाही म्हणून आत्या आणून बसवली. एका वाक्याने कोणी घर सोडत नाही. माणसं काय एवढी लेचीपेची असतात?"

सगळ्या लाटत राहिल्या. नेहमी माझ्या बोलण्यावर दोघी-तिघी तरी तुटून पडायच्या.

मग पेणच्या मावशी म्हणाल्या, "सोडतात गो ताई. तुमच्याच वाक्याने सोडलान ना."

"कोणी?"

"धाकट्यांनी. तुमी बोललात त्याच्या चौथ्या दिवशी. चुलतभावाने घरी जाऊन सांगितलंन, बाहेरची बाई पण बोलायला लागली म्हणून. घरचे जागा खाली करा म्हणाले. धाकटे गेले तर गिरणी ऱ्हाऊ देतो म्हणाले. मग गेले."

मी बाकीच्यांकडे बघितलं. एकीनेही वर बघितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. माझ्या गाऱ्हाण्याला मान डोलावत, हो ताई, हरामखोर ताई, म्हणत त्या इतकी वर्षं माझ्या खोलीत बसल्या होत्या आणि घरी जाऊन माझ्याबद्दल खरं बोलत होत्या.

तेव्हा लाज वाटली असं म्हटलं तर ते खोटं होईल. तेव्हा राग आला. "उद्यापासून येऊ नका मावशी," मी म्हटलं. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि गेल्या.

लाज नंतर आली, हळूहळू. ती मालिका पुढे मी खोलीत लावू दिली नाही, पण दुपारी घरी एकटीने फोनवर संपवली. शेवटच्या भागात आत्या स्वतः गाडीत बसून दुसऱ्या गावी जाते, त्या पोरापुढे हात जोडते आणि त्याला परत आणते. दुकानाचं दार उघडतं. मागे राहिलेला पोरगा हातातलं सगळं टाकून उभा राहतो. बायांबरोबर बघितलं असतं तर याचीही मी खिल्ली उडवली असती. एकटी होते, तर मला ते पटलं. इतके शेवट मी खोटे ठरवले होते आणि ज्यात माझी सोय होती तो एक खरा मानून बसले.

सकाळी मावशींच्या लेकीच्या दारात गेले. "या परत," मी म्हटलं. "आणि धाकटे कुठे असतात ते सांगा."

"वरसेला, इथंच रोह्याच्या बाहेर. पिठाच्या गिरणीत दळतात. तुमचा टेंपो रोज त्या वाटेने जातो." मग उंबऱ्यात येऊन, "कशाला जाता गो?"

"परत न्यायला."

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी एखाद्या कच्च्या व्यापाऱ्याकडे बघते. पण अडवलं नाही.

वरसेला हल्ली इमारतींमागून इमारती उठतायत, गिरणी पटकन सापडेना. कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं. काय विचारलं तेही लिहिते: "पेणहून आलेले, एकटेच राहतात ते गिरणीवाले." दुकानदाराने बोट दाखवलं आणि त्याची बायको बघायला बाहेर आली.

गिरणीत चार बाया डबे घेऊन उभ्या होत्या. धाकट्यांच्या केसांवर, भुवयांवर पीठ होतं, त्यामुळे ते म्हातारे झालेत की काय ते कळेना. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"भाऊ, मी तुमची माफी—"

"दळण कुठाय?" ते मोठ्याने म्हणाले.

"दळण नाही, मी..."

"दळण नसंल तर लायनीत उभ्या राहू नका. लोक खोळंबलेत."

मागची बाई म्हणाली, "व्हय ना, आमी काय वाऱ्याला उभ्या आहोत?"

मी त्याच कोपऱ्यावरच्या दुकानातून गहू घेतले आणि परत येऊन पाचवी उभी राहिले. भाव न करता घेतलेली ती माझी पहिली वस्तू असेल. नंबर आला तेव्हा मागे आणखी तिघी होत्या. त्यांनी गहू ओतले, गिरणी सुरू झाली, आणि त्या आवाजात ते थोडे माझ्या बाजूला वाकले. मी पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. माझं चुकलं. मी थोरल्यांशी बोलते. चुलतभावाशी बोलते, त्याला कसा वळवायचा ते माझ्यावर सोडा. वर्षभराचे पोहे मी घेईन, म्हणाल त्या भावाने. टेंपो बाहेर उभा आहे.

"झालं?" ते म्हणाले.

"चला तुम्ही."

"आणि तिथं कोणी विचारलं, यांना कशाला आणलंत, तर काय सांगाल?"

मी बाहेरच्या टेंपोकडे बघितलं.

"इथं कसं सापडलो मी तुम्हाला?"

"कोपऱ्यावर विचारलं."

"काय म्हणून?"

मी सांगितलं. त्यांनी चाळणीवर हात मारून पीठ खाली पाडलं. "इतकी वर्षं इथं मला कोणी काय विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "आता संध्याकाळपर्यंत विचारतील."

मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण पीठ अजून पडत होतं.

"आमचं आमी बघतो," ते म्हणाले. "सोमवारी तिथली गिरणी बंद असते. तुमी त्यात काय करू नका. तुमाला काय करायचंच असंल, तर आमच्या पोह्यात वाळू नव्हती, तेवढं लोकांना सांगा."

एक गोष्ट मी इथवर लिहिलेली नाही. लिहायची नव्हतीच. तिसऱ्यांदा मला माल नाकारला त्या दिवशी मी सरळ रोह्याला आले नव्हते. पेणच्या बाजारात तीन मोठ्या दुकानांत गेले आणि सांगितलं की त्या गिरणीच्या पोह्यात वाळू लागते, माझी गिऱ्हाइकं दात धरून परत आली. वाळूवर भाजलेला पोहा, त्यामुळे ऐकणाऱ्याला लगेच पटतं. तिघांनीही माल बंद केला. पंधरा वर्षांत मला त्या पोह्यात एक कण लागला नव्हता.

"थोरले तीनदा चाळतात," धाकटे म्हणाले. "आमच्याबद्दल कोणी बोललं तरी ते सोमवारी माझ्याकडं येऊन जेवतात. वाळूचं ऐकलंन त्या सोमवारी ताट सरकवलान."

मग गिरणी थांबली. त्यांनी पीठ पिशवीत भरलं, तोंड बांधलं. मागची बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ओळखीचे काय गो तुमचे?"

"नाही," मी म्हटलं. "दळणाला आले होते."

हे लिहिताना मी गिरणीचा रस्ता आणि आणखी एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत. कुठल्या, ते सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी पेणला गेले. पहिल्या दुकानातला म्हातारा शेठ वारला होता, मुलाला काही माहीत नव्हतं. तरी मी सांगितलं. तो फोनवर बोलत बोलत "बरं बरं" म्हणाला. दुसऱ्याने हात जोडले, "ताई, आम्ही आता पोहे ठेवतच नाही." तिसरं दुकान सगळ्यात मोठं. मालक गल्ल्यावर, चार माणसं बाकावर चहा पीत बसलेली. ही सगळी मला ओळखतात. रोह्याची पापडवाली आली की भाव आधीच चढवून ठेवा, असा माझा लौकिक तिथे आहे, आणि मला तो आवडतो.

मी उभ्यानेच सांगितलं. त्या गिरणीच्या पोह्यात वाळू नव्हती. मी खोटं बोलले होते.

"आत्ता?" मालक म्हणाला. "इतक्या वर्षांनी? बसा ताई, पाणी प्या."

"बसायला आले नाही. तुम्ही त्यांचा माल परत सुरू करा, एवढंच."

"करू, बघू. पण तेव्हा असं बोललात का?"

"राग आला होता."

"कशाचा?"

बाकावरचे चारही चहा पिता पिता थांबले. खरं उत्तर द्यायचं तर गिरणीत काय बोलले ते सांगावं लागलं असतं. ते परत उच्चारायचं नाही, एवढंच माझ्या हातात होतं. आणि त्यांनी तर मला मागितला तो भाव दिला होता.

"त्यांनी मला भाव दिला नाही," मी म्हटलं. "मी खूप घासाघीस केली, पण ते एक पैसा खाली उतरले नाहीत. मी हरले, म्हणून खोटं बोलले."

मालक आतल्या माणसाला ओरडून म्हणाला, "अरे ऐकलंस काय? या ताईंना कोणीतरी हरवलंन!" आतून कोणीतरी विचारलं, "कुठल्या ताई? रोह्याच्या? नाय होणार!"

"खरंच काय ताई?" मालकाने मला विचारलं.

मी हो म्हटलं.